मुद्दाम हरा आणि कप जिंका? कुठल्या जगात!

हल्ली मेलबर्नच्या मराठी मंडळींत एक लांबलचक व्हॉट्सॲप मेसेज फिरतोय : ‘ऑस्ट्रेलियाकडून शिका! जगातली सर्वांत न्याय्य क्रीडापद्धत’. विषय फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, त्याची मुख्य स्पर्धा एएफएल, आणि तिथला ड्राफ्ट. दरवर्षी सीझन संपल्यावर नोव्हेंबरात सगळे १८ क्लब पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात, बहुतेक नुकती अठरा वर्षांची झालेली. मेसेजचं म्हणणं असं : जो संघ तळाला त्याला पहिली निवड (इथल्या भाषेत ‘पिक’), म्हणजे दुबळ्याला न्याय. त्यामुळे सगळे क्लब आळीपाळीनं जिंकतात. हुशार क्लब हे ओळखून तीन-चार वर्षं मुद्दाम तळाशी बसतो, हिरे गोळा करतो आणि मग कप उचलतो. याला म्हणे ‘रीबिल्ड’ म्हणतात. पैशाला इथं काही किंमत नाही. आणि आयपीएलसारखा माणसांचा बाजार न मांडता पोरांना सन्मानानं क्लब मिळतो. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘बीसीसीआयपर्यंत पोचवा’.

वहिनींनी तो घरच्या ग्रुपवर ‘खूपच माहितीपूर्ण’ असं लिहून टाकला तेव्हा मी गप्प बसलो. पण माझा चौदा वर्षांचा पुतण्या नॉर्थ मेलबर्नचा पाठीराखा. त्याचा संघ एका शनिवारी सपाटून हरला आणि पोरगं मला सांगतं, ‘‘बरं झालं ना काका, आता पिक वरचा मिळेल.’’ हरल्यावर जेवायला न बसणारं पोरगं होतं ते. तेव्हा आता लिहितोच.

‘तळाच्याला पहिली निवड.’ कागदावर, हो. प्रत्यक्षात त्या रांगेत वशिल्याच्या खिडक्या आहेत. सगळ्यात मोठी ‘फादर-सन’. वडील एखाद्या क्लबकडून १०० सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबचा हक्क. दुसऱ्या कुणी ड्राफ्टमध्ये मुलाचं नाव पुकारलं, की बापाच्या क्लबनं तेवढ्या किमतीचे गुण भरायचे आणि पोराला घेऊन जायचं. प्रत्येक पिकला गुण ठरलेले असतात. २०२२ मध्ये ते होते : पहिला ३०००, दुसरा २५१७, असे उतरत.

२०२२ चं बघा. नॉर्थ मेलबर्न अठराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर. त्यांनी दुसऱ्या पिकवर (पहिल्यावर का नाही, ते शेवटी सांगतो) विल ॲशक्रॉफ्टचं नाव पुकारलं. विलचे वडील मार्कस ब्रिस्बेनकडून तीनशेहून जास्त सामने खेळलेले. ब्रिस्बेननं लगेच हक्क सांगितला. त्या वर्षी ब्रिस्बेन प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे शेवटच्या चारांपर्यंत पोचलेला संघ. २५१७ गुणांवर तेव्हा २० टक्के सूट मिळायची. उरले साधारण २०१४. तेवढे त्यांनी मागच्या क्रमांकांच्या पिकांची चिल्लर जमवून भरले. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, ब्रिस्बेननं कप जिंकला, आणि ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक विलला. त्यानंतर दोन महिन्यांत झालेल्या ड्राफ्टमध्ये त्याचा धाकटा भाऊ लीवाय त्याच क्लबात आला, पाचव्या पिकवर. विजेत्या संघाला पाचवा पिक! आणि २०२५? पुन्हा ब्रिस्बेन, पदकही पुन्हा विललाच. ॲशक्रॉफ्ट बंधू गुणी आहेत यात वाद नाही. पण याला ‘दुबळ्याला न्याय’ म्हणायचं तर आयत्या बिळावरच्या नागोबालाही समाजसेवक म्हणावं लागेल. ती सूट २०२५ मध्ये कमी केली. हक्क तसाच आहे.

शिवाय उत्तरेकडच्या चार क्लबांच्या अकादमी : तिथं घडवलेल्या पोरांवरही त्या क्लबचा असाच हक्क. २०२३ मध्ये गोल्ड कोस्टनं आपल्या अकादमीतली चार पोरं एकाच ड्राफ्टमध्ये उचलली. आणि नवा क्लब आला की रांगच उलटी होते. २०१० मध्ये वेस्ट कोस्ट तळाला गेला, पण पहिले तिन्ही पिक नव्या गोल्ड कोस्टला दिलेले. तळाच्या संघाचा पहिला नंबर लागला चौथा. पुढच्या वर्षी पहिले पाच जीडब्ल्यूएसला, म्हणजे ग्रेटर वेस्टर्न सिडनी या आणखी एका नव्या क्लबला. मजा म्हणजे इतकं ताटात वाढूनही गोल्ड कोस्ट पहिल्यांदा फायनल्समध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, पोचला तो २०२५ मध्ये. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या मुद्द्याला लागणार आहे.

तर तो मुद्दा. ‘मुद्दाम हरा, पिक गोळा करा, कप घ्या.’ हे लिहिणाऱ्यानं मेलबर्न फुटबॉल क्लबचं नाव कधी ऐकलंय का, असा मला खरंच प्रश्न पडला. याच शहराचं नाव लावणारा क्लब आहे हो.

त्या काळी नियम असा होता : लागोपाठ दोन वर्षं चार किंवा कमी सामने जिंकले तर पहिल्या फेरीच्या आधीच एक जादा पिक. पाचवा सामना जिंकलात की तो गेला. मेलबर्ननं २००८ मध्ये तीन सामने जिंकले. २००९ मध्ये किती? बरोबर चार. त्या सीझनच्या अठराव्या फेरीत एमसीजीवर रिचमंडविरुद्ध ते शेवटच्या भोंग्याला पुढे होते. रिचमंडच्या जॉर्डन मॅकमाननं भोंग्यानंतरच्या किकवर गोल मारला आणि मेलबर्न चार गुणांनी हरला. त्या दिवशी कोण कुठल्या जागेवर खेळत होता, आणि ते हरण्यासाठीच होतं का, यावर इथले लोक अजून वाद घालतात. जादा पिक मिळाला. पहिला आणि दुसरा, दोन्ही मेलबर्नचे.

२०१२ मध्ये ब्रॉक मॅक्लेन हा त्यांचा जुना खेळाडू टीव्हीवर त्या काळाबद्दल बोलला आणि एएफएलला चौकशी लावावी लागली. १९ फेब्रुवारी २०१३ ला निकाल आला. तो मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकानं एवढा एकच कागद वाचावा. क्लबला ५ लाख डॉलर दंड. फुटबॉल विभाग सांभाळणारे ख्रिस कॉनली वर्षभर बाहेर. प्रशिक्षक डीन बेली १६ आठवडे बाहेर, तेही ते दुसऱ्या क्लबात नोकरीला गेलेले असताना. न्यायाला धरून सांगायचं तर क्लब सामने मुद्दाम हरला हा आरोप सिद्ध झाला नाही. दोघांवर ठपका आला तो स्पर्धेच्या हिताला बाधक वागण्याचा. म्हणजे ज्याला आपला मेसेज ‘हुशारी’ म्हणतो, त्याच्या नुसत्या वासानं माणसांच्या नोकऱ्यांवर गदा आली. आणि नियमानं आपोआप मिळणारा तो जादा पिक २०१२ मध्येच बंद झाला होता. मेसेजमधलं सूत्र त्याच्या पायाखालच्या नियमासकट मेलेलं आहे.

बरं, मिळालं काय? पहिला पिक टॉम स्कली. दोन सीझन खेळून २०११ च्या अखेरीस जीडब्ल्यूएसला गेला. दुसरा जॅक ट्रेंगोव्ह. विसाव्या वर्षी त्या पोराच्या गळ्यात कप्तानी घातली, मग पायाच्या दुखापतीनं त्याचं करिअर खाल्लं. त्यांच्या लगेच मागे, तिसऱ्या पिकवर, रिचमंडनं घेतला डस्टिन मार्टिन : तीन कप, तिन्ही ग्रँड फायनल्समध्ये नॉर्म स्मिथ पदक. विसाव्या पिकवर फ्रीमँटलला मिळाला नॅट फाइफ, पुढे दोन ब्राउनलो पदकं, म्हणजे दोनदा सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. आणि २०२१ मध्ये ५७ वर्षांनी मेलबर्ननं कप जिंकला तेव्हा कप्तान कोण होता? मॅक्स गॉन. तोही त्याच २००९ च्या ड्राफ्टमधला, मेलबर्नचाच. पिक चौतीसवा! हरून मिळवलेले दोन्ही हिरे केव्हाच गेले होते, आणि ज्याच्यासाठी कुणी एक सामनाही हरायची गरज नव्हती त्यानं कप उचलला.

मधली वर्षं कशी गेली ते मेसेजवाला सांगत नाही. जुलै २०११ मध्ये जिलाँगनं त्यांना १८६ गुणांनी हरवलं. बेलींची नोकरी त्यानंतर गेली. २०१३ मध्ये पूर्ण सीझनमध्ये दोन विजय. २००६ नंतर फायनल्समध्ये परतायला २०१८ उजाडलं. हरण्याची सवय ड्रेसिंग रूममध्ये मुरली की नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी नाव पुकारून ती जात नाही. एकोणीस वर्षांची पोरं अशा संघात येतात, पंचविशीतली अनुभवी माणसं निघून गेलेली असतात, शिकवायला कुणी नाही. याला बांधकाम म्हणत नाहीत, पाडकाम म्हणतात.

कार्लटनचं तर सांगूच नका. पहिला पिक २००५ ला मर्फी, २००६ ला गिब्ज, २००७ ला क्रूझर. तीन वर्षं लागोपाठ पहिला नंबर! पुढे २०१५ ला वाइटरिंग, २०१८ ला वॉल्श. शेवटचा कप कधी? १९९५.

मेसेजमध्ये उदाहरण दिलंय हॉथॉर्नचं, आणि ते, नाइलाजानं का होईना, अर्धं मान्य करतो. २००४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी दुसऱ्या पिकवर रफहेड, पाचव्यावर लान्स ‘बडी’ फ्रँकलिन, सातव्यावर जॉर्डन लुइस घेतला आणि चार वर्षांत, २००८ ला, कप जिंकला. तळाशी असल्याचा फायदा झालाच. पण त्याच ड्राफ्टमध्ये रिचमंडकडे पहिला आणि चौथा पिक होता. चौथ्यावर त्यांनी रिचर्ड टॅम्ब्लिंग घेतला, म्हणून पाचव्यावर बडी उरला. पहिल्यावर घेतलेला ब्रेट डेलिडिओ रिचमंडकडे बारा सीझन राबला, २०१६ च्या अखेरीस गेला, आणि रिचमंडनं पुढच्याच वर्षी कप जिंकला. बिचारा. तर बक्षीस सारखंच, निकाल उलटे. फरक माणसं पारखणाऱ्यांत आणि शिकवणाऱ्यांत होता, हरण्यात नव्हता. आणि जिलाँग? २००७, २००९, २०११, २०२२ असे चार कप, तेही तळाशी ठाण न मांडता. (त्यांच्याकडे ॲब्लेट, स्कार्लेट, हॉकिन्स अशी फादर-सनची पलटण होती म्हणा. तेव्हा तर हा माल आणखी स्वस्तात मिळायचा.)

‘सगळे आळीपाळीनं जिंकतात’ यात मात्र तथ्य आहे, मान्य करतो. ड्राफ्ट आला १९८६ ला, पगाराची मर्यादा १९८७ ला. त्याआधीची स्थिती खरोखर वाईट होती. खेड्यापाड्यांचे प्रदेश क्लबांना वाटून दिलेले; ज्याच्या वाट्याला सुपीक प्रदेश, त्याची चांदी. १९६७ ते १९८९ या २३ वर्षांत फक्त पाच क्लबांनी कप जिंकला : रिचमंड, कार्लटन, हॉथॉर्न, नॉर्थ मेलबर्न, एसेंडन. १९९० ते २०२५ मध्ये चौदा क्लबांनी. हे मोठं काम आहे आणि त्यात ड्राफ्टचा वाटा आहेच. पण ‘आळीपाळीनं’? २००७ ते २०१५ या नऊ वर्षांत जिलाँग तीन, हॉथॉर्न चार, मध्ये कॉलिंगवूड आणि सिडनी एकेक. सेंट किल्डाची पाळी १९६६ नंतर आलेली नाही. २००० मध्ये पहिले दोन्ही पिक त्यांचेच होते, त्यातला निक रीवोल्ट हा क्लबच्या इतिहासातल्या थोरांपैकी एक. कप नाही तो नाहीच.

पैशाला किंमत नाही म्हणे! कार्लटनला २००२ मध्ये पगाराची मर्यादा चोरून ओलांडल्याबद्दल ९ लाख ३० हजार डॉलर दंड झाला आणि वरचे पिक काढून घेतले. बडी फ्रँकलिन २०१३ मध्ये सिडनीला गेला तो नऊ वर्षांच्या १ कोटी डॉलरच्या करारावर. पुढे चला.

राहिला ‘सन्मान’. आयपीएलच्या लिलावात खेळाडू स्वतःची मूळ किंमत लावून स्वतः नाव देतो, आणि नाव देणारा बहुधा आधीच कुठेतरी रणजी वगैरे खेळत असतो. ड्राफ्टमध्ये बारावीची परीक्षा नुकती दिलेल्या पोराला कुणी विचारत नाही की बाबा, तुला पर्थ हवं की ब्रिस्बेन. क्लब नाव पुकारतो, पोरगा बॅग भरतो. हीच कल्पना रग्बी लीगनं राबवायचा प्रयत्न केला तेव्हा खेळाडू कोर्टात गेले, आणि १९९१ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठानं तो ड्राफ्ट रद्द केला, कारण माणसाच्या रोजगाराच्या हक्कावर तो गैरवाजवी बंधन होता. एएफएलचा ड्राफ्ट टिकलाय तो खेळाडूंच्या संघटनेशी होणाऱ्या सामूहिक कराराच्या आधारानं. तो सगळ्यांना मनापासून न्याय्य वाटतो म्हणून नव्हे.

पुतण्याच्या नॉर्थ मेलबर्नचंच घ्या. २०२१ मध्ये तळाला गेले, पहिल्या पिकवर जेसन हॉर्न-फ्रान्सिस घेतला. साउथ ऑस्ट्रेलियाचा पोरगा. एक सीझन खेळला, करमलं नाही, आपल्याच राज्यातल्या पोर्ट ॲडलेडला गेला. त्याला दोष देणार नाही. अठराव्या वर्षी न विचारता दुसऱ्या राज्यात पाठवलं तर घरची ओढ लागणारच. नॉर्थला हात चोळत बसावं लागलं असंही नाही. पुन्हा तळाला गेल्यामुळे २०२२ चा पहिला पिकही त्यांच्याकडे होता. चार क्लबांच्या अदलाबदलीत पोरगा आणि तो पिक असे दोन्ही देऊन त्यांनी दुसरा आणि तिसरा पिक घेतला. आणि त्यातल्या दुसऱ्या पिकवर त्यांनी ज्याचं नाव पुकारलं तो विल ॲशक्रॉफ्ट.