टेंगूळ उतरलं, सर्क्युलर राहिलं

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत दोन पोरांची टक्कर झाली, एकाच्या कपाळाला टेंगूळ आलं, बर्फ लावला, दोन दिवसांत उतरलं पण. त्या टेंगळातून निघालेलं सर्क्युलर मात्र अजून आहे तिथंच आहे. "विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने मधल्या सुट्टीत मैदानावर धावणे, पाठलाग करणे, एकमेकांस स्पर्श करणे, उंचावरून उड्या मारणे तसेच टेनिस बॉल अथवा त्याहून कडक चेंडू वापरणे यास मनाई करण्यात येत आहे. विद्यार्थ्यांनी शांतपणे खेळाचा आनंद घ्यावा." हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. शांतपणे खेळाचा आनंद घ्यायचा म्हणजे नक्की काय करायचं, मैदानाकडे बघत बसायचं?

तरी खोटं कशाला बोलू, ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले टाकले तसे मी पण टाकले. बरंच वाटलं होतं. गुडघे फुटणार नाहीत, युनिफॉर्मची पँट वर्षभर टिकेल, ऑफिसात मीटिंगमध्ये असताना "घाबरू नका हं, पण" असा फोन येणार नाही.

हा आनंद त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपला.

चिरंजीवांचं वय आठ. दिवसभर शाळेनं त्यांना काचेच्या बरणीसारखं जपलं होतं आणि त्यात न वापरलेली जी काय ताकद शिल्लक राहिली ती सगळी दप्तरासोबत घरपोच आली. बूट काढता काढता कॉटवर उडी, कॉटवरून सोफ्यावर, सोफ्यावरून माझ्यावर, मी तेव्हा नुकताच येऊन आडवा झालो होतो हे त्याला दिसत होतं आणि म्हणूनच मारली. आधी हाच पोरगा घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि अर्धा तास मेल्यासारखा पडायचा, त्या अर्ध्या तासाची किंमत मला आता कळली. बायको म्हणाली, "अरे, त्याला जरा दमव ना." मी आठ तास काम करून आलोय, दमवायचं कोणी कोणाला?

तिसऱ्या दिवशी रात्री घरात पकडापकडी झाली, राज्य माझ्यावर, मी पायाची करंगळी टीपॉयच्या पायावर हाणली. शाळेनं धोका संपवला नव्हता, फक्त त्याचा पत्ता बदलला होता.

मग पाय बर्फात आणि मोबाइल हातात अशा अवस्थेत मी वाचत बसलो. आपण एकटे नाही हे कळल्यावर माणसाला जरा धीर येतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेनं २००६ मध्येच पकडापकडी बंद केली होती. न्यूयॉर्कजवळच्या पोर्ट वॉशिंग्टनमध्ये एका शाळेनं २०१३ ला कडक चेंडू बंद केले आणि कोणी मोठं माणूस लक्ष ठेवायला नसेल तर पकडापकडी आणि कोलांट्या पण बंद. वॉशिंग्टन राज्यातल्या मर्सर आयलंडला २०१५ मध्ये हात आपापल्याजवळ ठेवा असा नियम निघाला, म्हणजे पकडापकडी आपोआपच गेली, तर तिथले आईबाप एवढे खवळले की काही दिवसांत ती परत आली. मी हे बायकोला कौतुकानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि तू हात जोडलेस."

एलेन सँडसेटर म्हणून नॉर्वेच्या एक संशोधक बाई आहेत, त्यांनी २००७ मध्ये पोरांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार पाडले. उंची, वेग, धोकादायक हत्यारं, आग-पाण्यासारख्या धोक्याच्या जागा, कुस्ती-मारामारी आणि मोठ्यांच्या नजरेआड गायब होणं. पोरांना हे सगळं हवंच असतं, थोडी भीती आणि भरपूर मजा. मी मान वर करून बघितलं. उंची म्हणजे कपाटाचा वरचा कप्पा. वेग, पॅसेजमध्ये मोजे घालून घसरगुंडी. हत्यार, माझा स्क्रूड्रायव्हर, तो गेले दोन दिवस मी शोधत होतो. पाणी, बाथरूम, त्यावर बोलायला नको. कुस्ती, मी. आणि गायब होण्याचं म्हणाल तर आत्ता घरात एकदम शांतता कशी काय आहे, असं म्हणत मी लंगडत उठलो. बाईंना नॉर्वेतल्या बालवाड्या बघून जे सापडलं ते सगळं एका टू बीएचकेत मावत होतं.

आणि हे वाचताना सगळ्यात हेवा वाटला तो कोपनहेगनच्या पोरांचा. १९४३ साल, महायुद्ध चालू, देश जर्मनांच्या ताब्यात आणि एमड्रुप नावाच्या भागात पोरांसाठी एक भंगाराचं मैदान उघडलं. सोरेन्सन नावाच्या आर्किटेक्टच्या लक्षात आलं होतं की आपण केलेल्या छान छान मैदानांपेक्षा पोरं भंगारात जास्त रमतात. म्हणून लाकडं, विटा, हत्यारं देऊन टाकली, बांधा काय बांधायचं ते. बाहेर सैनिक फिरतायत आणि आत पोरांच्या हातात हातोडी. आमच्याकडे टेनिस बॉल जप्त.

एवढं सगळं वाचल्यावर मी पेटलो. पालकसभेत आज दोन शब्द सुनवायचेच असं ठरवून सकाळी हाफ डे टाकून गेलो. उभा राहिलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळायला पाहिजे. ऑकलंडच्या स्वॉनसन शाळेनं मैदानातले नियमच काढून टाकले, पोरं झाडावर काय चढतात, चिखलात काय लोळतात, आणि दादागिरी वाढायच्या ऐवजी कमी झाली असं तिथल्या प्रिन्सिपलनी सांगितलं होतं. मागून कोणीतरी टाळी पण वाजवली, एकच.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फाइल उघडली. "तुमचा जूनमधला मेल आहे इथे," म्हणाल्या.

मला एकदम आठवलं. गुडघा खरचटला होता, नखाएवढा. आणि मी रात्री साडेअकराला साडेतीन पॅरेग्राफ लिहिले होते, त्यात 'जबाबदारी' हा शब्द चार वेळा होता, 'निष्काळजीपणा' दोनदा, आणि शेवटी 'योग्य ती पावले उचलावीत'.

"उचलली," मॅडम म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं असं की दोनशे पोरं आणि लक्ष ठेवायला दोघी जणी. झोपाळ्याचा बोल्ट निखळला असेल तर ते पोराला दिसत नाही, ते बघणं आमचं काम आणि ते आम्ही करतो. पण किती उंचावरून उडी मारायची हे पोराला बरोबर कळतं, दोनदा पडलं की अजूनच कळतं. आम्हाला का कळत नाही हे? पण प्रत्येक पडण्याला मेल येतो. ज्यानं टाळी वाजवली होती तो आता खाली बघत होता, बहुतेक त्याचा पण असणार फाइलमध्ये.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची बेल झाली, सभा तशीच मोडली. मॅडम ड्यूटीला बाहेर आल्या, मी मागोमाग.

मैदानात विचित्रच चाललेलं. कोणी धावत नव्हतं. शंभरएक पोरं गुडघे ताठ, कोपरं बाहेर काढून, घाईची लागल्यासारखी भराभर चालत होती, आणि सगळ्यांच्या माना खाली. मी चिरंजीवांना हाक मारून विचारलं, काय रे हे. तो चालता चालताच म्हणाला, "बाबा, सावलीवर पाय दिला की आउट. हात नाही लावत कोणी. सावलीचं सर्क्युलरमध्ये नाहीये." ढग आला की सगळ्यांनाच टाइम प्लीज. सगळ्यात अवघड बाराच्या सुमाराला म्हणे, सावली अगदी पायाखाली जाते, मग खूप जवळ जावं लागतं.

बारा वाजायला पाचच मिनिटं होती. माना खाली घालून चालणारी शंभर पोरं, एकालाही समोरचं दिसत नव्हतं. व्हायचं तेच झालं, टक् असा आवाज आला, नारळावर नारळ आपटल्यासारखा. चिरंजीव आणि दुसरा एक. दोघांचे हात कपाळावर, दोघांचे ओठ बाहेर, आता फुटणार तेवढ्यात चारी बाजूंनी पोरं धावत (म्हणजे भराभर चालत) आली आणि घेराव घालून दबक्या आवाजात सांगायला लागली, "ए रडू नको, रडू नको, सर्क्युलर येईल."

मॅडमनी पटकन मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी आकाशाकडे बघून ढग कुठपर्यंत आलेत याचा अंदाज घ्यायला लागलो.