हाडांची गोळी आणि हळदीचं दूध

रविवारी सकाळी मावशीचा फोन. छातीत जळजळतंय, घास गिळताना टोचतंय. हाडं ठिसूळ झालीत म्हणून तिला आठवड्यातून एकदा ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आहे. आदल्या रात्री बाईंनी ती हळदीच्या दुधाबरोबर घेतली आणि लगेच आडव्या झाल्या. का? तर ग्रुपवर आलं होतं: "हाडांची गोळी रात्री गरम दुधासोबत घ्या, डबल कॅल्शियम मिळतं. तपासण्यांची गरज नाही. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्या. जबडा सडतो म्हणून तीन महिन्यांत बंद करा." खाली हात जोडलेले आणि "सर्वांपर्यंत पोचवा".

पोचलं ना!

मुळात ही गोळी कॅल्शियमची नाहीच. हाड पोखरणाऱ्या पेशींना ती आवरते. उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेतली तरी तिचा शंभरातला एक भागही अंगी लागत नाही. अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलेल्या माहितीपत्रकात लिहिलंय की कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्या चिमूटभरातलंही सुमारे ६० टक्के जातं. दुधातलं कॅल्शियम तर तिला धरूनच ठेवतं. म्हणजे डबल कसलं, मावशीची त्या आठवड्याची गोळी जवळजवळ वायाच गेली.

आणि आडवं होणं हा दुधाहून मोठा घोळ. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली की तिथे जखम करते. म्हणून ती सकाळी उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चघळायची नाही, चोखायची नाही. मग निदान अर्धा तास बसा, उभे राहा, फेऱ्या मारा, पण पाठ टेकायची नाही आणि तोंडात दुसरं काही टाकायचं नाही. कॅल्शियमची गोळीसुद्धा त्यानंतरच. ज्यांना अर्धा तास ताठ बसवत नाही किंवा ज्यांची अन्ननलिका आधीच अरुंद झालीय, त्यांच्यासाठी हे औषध नाहीच. गिळताना दुखलं की गोळी थांबवून डॉक्टरांना गाठायचं.

तपासण्या नकोत? रक्तातलं कॅल्शियम कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागतं. मूत्रपिंडं फार थकलेली असतील तर हेच माहितीपत्रक गोळी देऊ नका म्हणतं. चुकलेली गोळी आठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्यायची, मग पुन्हा ठरलेला वार. एका दिवशी दोन कधीच नाहीत.

जबड्याचं मात्र अगदीच खोटं नाही, हे कबूल करावं लागतं. जबड्याचं हाड मरण्याचे प्रकार घडलेत, पण बहुतेक कर्करोगाच्या रुग्णांत, शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांत. आठवड्याच्या गोळीवर ते क्वचित. त्यावर उपाय म्हणजे गोळी सुरू करण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाणं. दात काढायचा असेल तर आधीच काढून, जखम भरू द्यायची.

तीन महिन्यांत बंद करून काय साधणार? मणक्याचं हाड आधीच मोडलेल्या २,०२७ बायकांवरचा अभ्यास १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुमारे तीन वर्षांत तुलनेसाठी नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १५ टक्के जणींचा मणका पुन्हा मोडला, ॲलेंड्रोनेटवाल्यांत ८ टक्के. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाणही निम्म्यावर. कायम घ्या असंही कुणी म्हणत नाही. वर्षानुवर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड मोडतं, म्हणून साधारण पाच वर्षांनी डॉक्टर फेरविचार करतात. ते डॉक्टर करतात, ग्रुप ॲडमिन नाही.

मावशीची गोळी सध्या थांबवलीय. पुन्हा सुरू झाली तर पहिला चहा किती वाजता, एवढंच तिने विचारलं. साडेसहाला गोळी, सातनंतर चहा. "तोवर पेपर वाचेन," म्हणाली, "बसून."