बेसिक बारीक, भत्ते बाळसेदार

सॅलरी स्लिप हातात आली की आपण थेट सगळ्यात खालचा आकडा बघतो आणि वाचन तिथेच आटोपतं. खरी गंमत वरच्या ओळीत असते, पण तिथे बेसिक, म्हणजे मूळ पगार, इतकं अंग चोरून बसलेलं असतं की नजर जातच नाही. वीस हजारांच्या पगारात बेसिक 8,000, घरभाडे भत्ता 4,000 आणि उरलेला 8,000 ‘स्पेशल अलाउन्स’. त्यात स्पेशल काय, हे विचारू नये. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना दर महिन्याला न चुकता मिळतो, म्हणून स्पेशल!

हा सगळा खटाटोप पीएफसाठी. तुमच्यासारखेच कंपनीलाही 12 टक्के भरायचे ते बेसिक आणि महागाई भत्त्यावर. घरभाडं, ओव्हरटाइम, बोनस त्यातून बाहेर. मग बेसिकला उपास घडवायचा आणि भत्त्यांना साजूक तूप. 8,000 वर कंपनीचे 960 होतात. त्यातले 8.33 टक्क्यांप्रमाणे 666 पेन्शनकडे जातात आणि तुमच्या पीएफात पडतात फक्त 294. पासबुक बघून ‘माझे 960, कंपनीचे 294 कसे?’ म्हणून लोक एचआरच्या अंगावर जातात. ते भांडण फुकट आहे. बाकीचे पैसे पेन्शनच्या रकान्यात असतात. (त्यांवर व्याज मिळत नाही, पण तो वेगळा ताप.) भांडायचंच तर बेसिकवरून भांडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण 28 फेब्रुवारी 2019 ला विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय: सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा. जादा कामाचा मोबदला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आपले 8,000 अधिक 8,000 झाले 16,000. सप्टेंबर 2014 मध्ये पीएफची वेतनमर्यादा 6,500 वरून 15,000 झाली, त्यामुळे हिशोब 15,000 वर थांबतो आणि कंपनीचा वाटा 960 वरून 1,800 वर जातो. यावर हमखास उपाय म्हणजे भत्त्याचं नव्याने बारसं! कुठे ‘सिटी अलाउन्स’, कुठे ‘परफॉर्मन्स अलाउन्स’, आणि परफॉर्मन्स सगळ्यांचा दरमहा रुपयापैशात सारखा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी आणखी एक पाचर मारली: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरची रक्कम वेतनातच मोजायची.

आता ‘कंपनी भरते’ याचा अर्थ. कंपनीचा वाटा तुमच्या पगारातून कापायला 1952 च्या पीएफ कायद्याच्या कलम 12 ने मनाई केली. म्हणून तो ऑफर लेटरमध्येच सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात, घालून ठेवतात. कापायचा प्रश्नच मिटला! त्यामुळे सीटीसी तेवढाच ठेवून वाटा 840 ने वाढला, तर हातातले 1,680 कमी होतात: 840 कंपनीच्या नावाचे, 840 तुमच्या. पैसे बुडत नाहीत, पीएफ-पेन्शनमध्ये जातात. पण हे घरी किराण्याच्या यादीसमोर पटवून दाखवा.

गलेलठ्ठ पगारवाल्यांनीही हसू नये. बेसिक 60,000 असलं तरी कंपनी 15,000 च्या मर्यादेवर थांबू शकते. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) तेवढी वाढेल, पीएफ नाही. म्हणून सही करण्याआधी एकच विचारावं: ‘पीएफ पूर्ण बेसिकवर का मर्यादेवर?’ उत्तर ‘ॲज पर कंपनी पॉलिसी’ असं आलं, की समजायचं, 1,800.