लक्ष्मी रस्त्यावरच्या आमच्या साडी दुकानाच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

'आईच्या वेळेपासून इथे येतोय, पण आता दुकान निम्मं झालंय, गादीवर बसवून साड्या दाखवायला कुणी नाही, आणि सेल्समन आम्हाला उभं ठेवून मोबाइलवर दुसऱ्याच गिऱ्हाइकाला साड्या दाखवत होता,' असं तुम्ही लिहिलंत. यातली शेवटची चूक सर्वस्वी आमची. मनापासून माफी मागतो. व्हिडिओ कॉल आता दुपारी दोन ते चार, गर्दी नसताना घ्यायचे, असं ठरवलंय. बंद मात्र करता येणार नाहीत; २०२० साली अडकलेला माल त्यांच्यावरच हलला आणि आजही बऱ्यापैकी धंदा त्यांचाच आहे.

दुकान निम्मं का झालं, तेही सांगतो. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, टाळेबंदीचा पहिला दिवस. लग्नसराईचा माल भरलेला, आणि शटर खाली. जूनमध्ये उघडलं तेव्हा रस्त्याची एक बाजू आज, दुसरी उद्या. २०२१ च्या पाडव्यालाही कुलूपच. तेही निभावलं असतं. मोडलं ते मानपानाच्या साड्यांनी. एका लग्नात शालू एक, पण आहेराच्या साड्या पन्नास-साठ जायच्या. आमचं भाडं आणि पगार त्यांतूनच निघायचे. लग्नाला आधी ५० माणसं, मग २५. वऱ्हाडच नाही, तर मानपान कुणाचा करणार? पुढे निर्बंध उठले, पण बऱ्याच घरांत साडीच्या जागी पाकीट आलं ते राहिलंच. शेवटी भाड्याचा गाळा सोडला. गावी गेलेले तीन सेल्समन परत आले नाहीत. तुम्ही ज्या काकांची चौकशी केलीत, ते आता शेती बघतात.

गादीचं मात्र मनाला लागलं. अंतर राखायचं म्हणून काढली, ती पुन्हा घातलीच नाही. जागा कमी आहे, काउंटरवर भागतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण पैठणीचा पदर काउंटरवर पुरता उलगडत नाही, आणि मांडीवर घेऊन काठ बघितल्याशिवाय कुणी इतके पैसे का मोजावेत? मागच्या खोलीत चारजणी बसतील एवढी गादी या आठवड्यात घालतोय.

तुम्हाला हवी होती ती मोरांच्या पदराची पैठणी येवल्याहून मागवली आहे. शनिवारी सकाळी आईंना घेऊन या. मी स्वतः दाखवायला बसतो.