तो फोन मी केलेला नाही

सकाळपासून हे वाक्य अकरा जणांना बोललोय. आता इथं लिहितो, निदान ओळखीपाळखीच्या लोकांना तरी परत परत सांगायला नको.

झालं असं की साडेआठला नाशिकच्या अंबडमधल्या दुकानाचं शटर वर केलं, अगरबत्ती लावतोय तोवर फोन. अनोळखी नंबर. आता माझ्यासाठी अनोळखी नंबर म्हणजे लक्ष्मी, पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायचा, म्हणजे वायंडिंग करायचा धंदा आहे, ज्याची मोटार जळते तो काही आधीपासून माझा नंबर सेव्ह करून ठेवत नाही. उचलला. समोरून डायरेक्ट आईवरून शिवी. हॅलो नाही की काही नाही. म्हणे तूच ना रे तो लाईट कापणारा, बिल भरलंय तरी आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडतो म्हणणारा? मी म्हणलं भाऊ, मी मोटारी भरतो. तो म्हणाला, आता मोटारीचं नाव सांगतोय का.

पहिल्याला वाटलं राँग नंबर. तिसऱ्याला वाटलं कुणीतरी गंमत करतंय. पाचव्याला कळलं की माझा नंबर वापरून कुणीतरी लोकांना फोन लावतंय. माझ्या सिमवरून नाही बरं का, माझ्या कॉल लॉगमध्ये एकही आउटगोइंग नाही. फक्त समोरच्याच्या स्क्रीनवर माझा नंबर उमटतो.

भाच्याला फोन केला, तो कॉम्प्युटरमधलाच आहे. तो म्हणाला मामा, हे स्पूफिंग. इंटरनेटवरून कॉल टाकताना पुढे कुठला नंबर दाखवायचा ते कॉल टाकणाराच आपल्या सिस्टममध्ये भरतो आणि मधल्या कंपनीनं तपासलं नाही तर तोच नंबर पुढे जातो. पाकिटावर प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहिलं तर पोस्टमन थोडीच विचारतो, तसं. मी म्हणलं अरे पण नंबर तर माझ्या आधारला जोडलाय, अंगठा दिलाय मी! तो हसला. म्हणाला अंगठा तुमच्या सिमला आहे मामा, आकड्यांना नाही.

ह्या वाक्यावर मी दुपारभर विचार करतोय. १९ वर्षं झाली ह्या नंबरला. दुकानाच्या पाटीवर आहे, बिलबुकावर आहे, दिंडोरीपासून चांदवडपर्यंत किती तरी शेतकऱ्यांच्या स्टार्टरच्या पेटीवर माझ्या नावाचं पिवळं स्टिकर आहे त्यावर आहे. ती माझी इज्जत आहे यार. आणि ती कुणीतरी कुठल्या तरी एसीत बसून फुकटात घालून फिरतोय.

पण मला लिहायचंय ते नवव्या फोनबद्दल.

नववा फोन एका म्हाताऱ्या बाबांचा होता. शिवी नाही, ओरडणं नाही. इतका हळू आवाज की मी दुकानातला ग्राइंडर बंद करायला लावला. "सायेब, मगाशी तुमचा फोन आला व्हता. लाईट नका तोडू. पोरगं पुण्याला राहतं, त्यानं भरलंय बिल मोबाइलवरून." मी म्हणलं बाबा, तो फोन मी केलेला नाही. ते म्हणाले, "व्हय सायेब, पण लाईट नका तोडू."

चार वेळा सांगितलं. चारही वेळा "व्हय सायेब". त्यांना कळतच नव्हतं आणि कसं कळेल, त्यांच्या फोनवर नंबर माझा दिसतोय, त्यांनी लावला तर उचलतोय मीच, मग मी तो नाही हे कुठल्या देवाची शपथ घेऊन पटवू? पाचव्यांदा मी ओरडलो. हो, ओरडलो. आठ जणांच्या शिव्या खाल्लेल्या, त्या सगळ्या त्या म्हाताऱ्यावर काढल्या. अहो बाबा डोकं फिरलंय का, ठेवा फोन! आणि कट केला.

नंतर चहा घेताना आठवलं की मधे ते काहीतरी अजून बोलले होते. "ते काहीतरी फोनात घ्यायला सांगू राहिले, मह्याकडं साधा डबडा हाये, संध्याकाळी नातू आला की त्याच्या फोनात घेतो."

कळलं ना? ॲप. ते ॲप टाकलं की समोरच्याला फोनची स्क्रीन दिसते, ओटीपी दिसतो, सगळं दिसतं. लाईटवाले असं कधी फोन करून ॲप टाकायला सांगत नाहीत, हे एक वाक्य मी त्या माणसाला बोलायला हवं होतं. पैसे गेले तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावा, हे दुसरं. त्याऐवजी मी काय बोललो, डोकं फिरलंय का.

तेव्हापासून त्यांना लावतोय. रिंग जाते, उचलत नाहीत.

मधल्या वेळात माझ्या मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरला लावला, नाव घेत नाही, सगळ्या एकाच माळेच्या. एक दाबा, दोन दाबा करत बावीस मिनिटं. मग एक मुलगी आली, गोड बोलली, चेक केलं आणि म्हणाली सर तुमच्या नंबरवरून असे कोणतेही कॉल गेलेले दिसत नाहीयेत. मी म्हणलं ताई, तेच तर सांगतोय मी! त्यावर ती म्हणाली, मग सर तुमची तक्रार नक्की काय आहे? शेवटी म्हणे नंबर बदलून घ्या. दोन-तीन तालुक्यातल्या स्टार्टरच्या पेट्यांवरचे स्टिकर बदलायला तू येतेस का बाई? (असं बोललो नाही. तिचाही काय दोष, तिला समोर जे दिसतं ते वाचते.)

भाचा म्हणाला सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून आहे, तिथं फसव्या कॉलची तक्रार करता येते. उघडलं. कुठल्या नंबरवरून कॉल आला ते भरा. कुठला भरू, माझाच? त्या आठ-दहा जणांनी भरला असेल तर माझाच भरलाय ना. आणि ते फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ॲप असतं सगळ्यांकडे, त्यात दुपारी दोनपर्यंत माझा नंबर लाल झाला. स्पॅम. खाली इतक्या इतक्या लोकांनी रिपोर्ट केलं वगैरे. मी स्वतः ते बटण किती मजेत दाबायचो, लोनवाले, प्लॉटवाले, दाबा रिपोर्ट. आज पहिल्यांदा वाटलं त्यातले किती जण माझ्यासारखेच कुठल्या तरी शटरखाली उभे राहून "मी केला नाही" म्हणत असतील.

आता काही जण कमेंटमध्ये येतील, सरकारने पण बरंच केलंय. केलंय, मान्य. परदेशातून येऊन +९१ चा मुखवटा लावणारे कॉल अडवायची सिस्टम ऑक्टोबर २०२४ मध्ये बसवली आणि पहिल्या २४ तासात १ कोटी ३५ लाख कॉल पकडले, पेपरात वाचलंय मी. जाहिरातवाल्यांना १४० ने सुरू होणारे नंबर दिले, बँकांना १६०० ने. १९०९ ला मेसेज टाकून डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन बंद करता येतात, मी कधीच केलंय. पण डीएनडी पाळणार कोण, ज्या जाहिरातवाल्याने नाव नोंदवलंय तो. चोर काय १४० लावून फोन करणारे का? २०२३ चा टेलिकॉम कायदा आहे म्हणतात, ३ वर्षांपर्यंत जेल, ५० लाखांपर्यंत दंड. पकडा की मग कुणाला तरी. आणि ते नवीन, फोन करणाऱ्याचं केवायसीवालं नाव स्क्रीनवर दाखवायचं म्हणे. म्हणजे त्या बाबांना आज नुसता नंबर नाही, माझं आधारवरचं पूर्ण नाव पण दिसलं असतं का? वा.

आणि सगळ्यात डोकं फिरतं ते ह्या सल्ल्याने: अनोळखी नंबर उचलू नका. घरात रिटायर होऊन बसलेल्याला ठीक आहे हो. इथे द्राक्षांची एप्रिलची छाटणी झालेली, बाग फुटायला लागलीये, बोअर खाली गेलेत, रात्रीच्या लाईटीवर मोटार टाकतात, व्होल्टेज नाही, मोटार कोरडी फिरते आणि पहाटे जळते. मग शेजारच्याच्या नाहीतर मेव्हण्याच्या फोनवरून मला लावतात, मिस्तरी, आज वर काढतो, संध्याकाळपर्यंत भरून पाहिजे. हा फोन मी उचलू नको? डॉक्टरने, रिक्षावाल्याने, गॅसवाल्याने, कुणीच उचलू नको? चोर बाहेर मोकळा आणि आपण दाराला आतून कडी लावून बसायचं, आणि ह्याला म्हणायचं जागरूकता. फोन लावला की आधी बच्चन साहेबांचा उपदेश ऐकावा लागायचा ते दिवस आठवतात ना? इकडे दोनशे फुटांवरून मोटार वर काढलेली, पोरं दोर धरून उभी आणि मी कानाला फोन लावून सायबर गुन्हेगारीचं प्रवचन ऐकतोय.

असो. चिडून काय होणार.

पाचला परत लावला बाबांना. रिंग. सहाला परत. गावाचं नाव त्यांनी सांगितलं होतं, वणीच्या पुढचं कुठलं तरी, पण मी ऐकलंच नाही नीट. बोलणाऱ्याचं गाव न ऐकणारा माणूस मी नाही हो, माझं अर्धं दुकान गावं लक्षात ठेवण्यावर चालतं. कुणाची मोटार कुठल्या गावची, किती एचपीची, किती खोल सोडलेली, सगळं तोंडपाठ. आणि ह्या एका माणसाचं गाव विसरलो, कारण मी ओरडत होतो.

एक मन म्हणतं उचलत नाहीत ते चांगलंच आहे, कुणीतरी शहाण्याने सांगितलं असेल. दुसरं मन म्हणतं, त्या चोरांचा उचलत असतील आणि माझा नाही. त्यांच्याकडे तर रोज नवीन नंबर असतो, एकाचा नाही उचलला तर दुसऱ्याचा उचलला जातो. खरं बोलणाऱ्याकडे एकच.

बायको मघापासून जेवायला बोलावतेय. म्हणाली अहो, फेसबुकवर लिहून काय होणारे. तिला म्हणलं थांब, सात वाजून गेलेत, नातू आला असेल घरी, एकदा लावतो.

लावला.

उचलला. बाईमाणसाचा आवाज, "हॅलो, कोन?" मी म्हणलं ताई, बाबा आहेत का, सकाळी त्यांना, एवढंच बोललो असेन, तेवढ्यात मागून एका पोराचा आवाज आला, "आजी, ठेव ठेव, त्योच नंबर हाये. चोर हाये तो." आणि त्याच्याही मागून, हळू आवाजात, बाबा: "ठेव गं."

कट.

परत लावला तर लागतच नाही. ब्लॉक केलेलं दिसतंय.

चला, जेवायला बसतो.