फंड आयर्लंडचा, करदाता पुण्याचा

गुंतवणुकीच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. सारांश असा: आंतरराष्ट्रीय ब्रोकरकडे ऑनलाइन खातं उघडा, अमेरिकन ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा फंड) सोडून लंडनच्या बाजारातून आयर्लंडचा घ्या. मग अमेरिकेचा इस्टेट टॅक्स नाही, डिव्हिडंडवर कर शून्य, डॉलरची जोखीम नाही आणि फंड युरोपचा असल्यामुळे भारतात काही दाखवायचीही गरज नाही.

इस्टेट टॅक्सचं म्हणणं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकू. भारतात राहणाऱ्याच्या नावावर अमेरिकेत नोंदलेला ईटीएफ असेल आणि तो माणूस गेला, तर ६० हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर तिथलं सरकार ४० टक्क्यांपर्यंत कर मागू शकतं. भारत-अमेरिकेत यासाठी करार नाही. आयरिश फंडाच्या पोटात ॲपल आणि मायक्रोसॉफ्टच असले तरी तुमच्याकडे असतात ते आयर्लंडमधल्या फंडाचे युनिट. ते अमेरिकेतली मालमत्ता धरले जात नाहीत. रक्कम पन्नास लाखांच्या पुढे न्यायची असेल तर हे एकच कारण पुरेसं आहे. पाच-दहा लाखांवर थांबणाऱ्याने मात्र उगाच धसका घेऊ नये.

‘डिव्हिडंडवर कर शून्य’ ही मात्र थाप आहे, आणि महागात पडू शकते. अमेरिकन कंपनी आयरिश फंडाला डिव्हिडंड देते तेव्हा अमेरिका १५ टक्के कापून घेते. आयर्लंड पुढे आपल्याकडून काही घेत नाही, त्यामुळे ब्रोकरच्या स्टेटमेंटवर कापलेला कर दिसत नाही आणि ‘शून्य’ची आवई उठते. शिवाय तो कर फंडाने भरलेला असतो, तुम्ही नाही. म्हणून भारतात त्याचं क्रेडिट मिळत नाही. अमेरिकन ईटीएफवर २५ टक्के कापले जातात खरे, पण तुमच्या नावावर, आणि ते इथल्या करातून वजा होतात.

आता हिशोब करू. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात, म्हणजे सेससह ३१.२. अमेरिकन ईटीएफच्या १०० डॉलर डिव्हिडंडमधले २५ तिकडे गेले, ६.२० इकडे भरले, हातात ६८.८०. डिव्हिडंड वाटणारा, म्हणजे डिस्ट्रिब्युटिंग, आयरिश फंड घेतला तर १५ आतच गेले, उरलेल्या ८५ वर इथे २६.५२ भरले, हातात ५८.४८. म्हणजे कर वाचवायला गेलात आणि शंभरामागे दहा डॉलर जास्त देऊन आलात! फायदा होतो तो ॲक्युम्युलेटिंग फंडात. तो डिव्हिडंड न वाटता पुन्हा गुंतवतो, त्यामुळे विकेपर्यंत इथे कर लागत नाही आणि २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के अधिक सेस. (भारतीय शेअरवर मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे धरू नका.) एकाच निर्देशांकाचे हे दोन प्रकार नावाने जवळपास सारखे असतात, शेवटी ‘ॲक’ आहे की ‘डिस्ट’ एवढाच फरक. मेसेजमध्ये याबद्दल अक्षरही नाही.

डॉलरचा मुद्दा दोन ओळींत संपतो. एस अँड पी ५०० या अमेरिकन निर्देशांकाचा फंड लंडनला डॉलरमध्ये घ्या नाहीतर फ्रँकफर्टला युरोमध्ये, आतले शेअर अमेरिकनच, म्हणजे डॉलरची जोखीम तशीच. ‘युरोपियन’ म्हणजे युसिट्स या युरोपीय नियमांखाली नोंदलेला. त्यात युरोपातली एकही कंपनी नसू शकते.

राहिला सगळ्यात घातक सल्ला: भारतात दाखवू नका. अहो, पैसे बाहेर गेले तेच मुळी बँकेतून, पॅनवर, एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली! वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ कापून घेते तो कर. पंधरा लाख पाठवले तर एक लाख आयटीआरमध्ये वळते होईपर्यंत अडकले. परदेशातल्या खात्यांची माहितीही २०१७ पासून सीआरएस या देशादेशांतल्या माहितीच्या देवाणघेवाणीच्या करारातून दिल्लीला येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने याच माहितीवरून करदात्यांना मेसेज आणि ईमेल पाठवले होते. त्यामुळे आयटीआरमधलं परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरायचंच, म्हणजे आयटीआर-१ चालत नाही. आणि त्यात आकडे आर्थिक वर्षाचे नाही, जानेवारी ते डिसेंबरचे लागतात. लपवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून वगळलंय. दंडातून, जाहीर करण्यातून नाही.

हाच मेसेज परदेशातल्या नातेवाइकांनाही पुढे ढकलला जातो, म्हणून तेही सांगतो. तोच फंड जर्मनीतल्या बहिणीने घेतला तर न विकताही तिला दरवर्षी ठरावीक सूत्राने कर लागू शकतो. खुद्द आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला दर आठ वर्षांनी ‘विकला’ असं धरून कर भरावा लागतो. आणि न्यू जर्सीतल्या ग्रीन कार्डवाल्या भावाला तर पाठवूच नका: अमेरिकेच्या कायद्यात हे फंड पीएफआयसीमध्ये, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपन्यांच्या खास वर्गात मोडतात, प्रत्येक फंडासाठी बहुधा वेगळा फॉर्म ८६२१ भरावा लागतो, आणि वेळीच योग्य पर्याय निवडला नसेल तर नफ्यावर कमाल दराने कर आणि वर व्याज.