नाव न घेता

कोजागिरीला गच्चीवर जाताना बायकोनं जिन्यातच बजावलं होतं, "अहो, दूध ढवळायचं, चंद्र बघायचा, राजकारण काढायचं नाही." मी मान डोलावली. आमच्या सोसायटीत तीन पक्षांचे कट्टर लोक राहतात. फुटाफुटीनंतर पक्ष पाच झाले, माणसं तेवढीच आहेत. वेळ बघायला कुणी घड्याळाकडे पाहिलं तरी दोघंजण त्याच्याकडे पाहतात.

म्हणून मी विषय निवडताना पुरेपूर काळजी घेतली. देश परका, माणूस गेलेला. तुर्कमेनिस्तानचे राष्ट्राध्यक्ष सपरमुरात नियाझोव. २००६ साली वारले. आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाचंही अश्गाबातमध्ये मत नाही, मेहुणा नाही, प्लॉट नाही.

सात लिटर दूध मंद आचेवर होतं आणि डाव माझ्या हातात. "एक गंमत सांगतो," मी म्हणालो. "या गृहस्थांनी २००२ मध्ये महिन्यांची नावं बदलली. जानेवारीला स्वतःची पदवी दिली, तुर्कमेनबाशी. एप्रिलला आईचं नाव."

कुणी हसलं नाही. 'नावं बदलली' इथंच दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी हातातली चकली खाली ठेवली होती.

"हे कुणाला उद्देशून?"

"नियाझोवना."

"ते कळलं हो. पण रोख कुणाकडे?"

विषय बदलावा म्हणून मी पुतळ्यावर आलो. हा निर्णय चुकला. शहरात ७५ मीटर उंच कमान, तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला त्यांचा स्वतःचा पुतळा, आणि तो पुतळा दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरायचा.

"पुतळ्यांबद्दल बोलायचं काम नाही," टाकीजवळून आवाज आला. हे आप्पा. त्यांच्या साहेबांचा पुतळा अजून उभा राहायचाय, वर्गणी निघालीय. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले काका उठले. त्यांचा आक्षेप पुतळ्याला नव्हता, क्रियापदाला होता. "फिरायचा म्हणजे? जिकडे सूर्य तिकडे तोंड, हा टोमणा आमच्या दादांना आहे. आम्हाला मराठी कळतं."

पेपरात 'नाव न घेता टोला लगावला' असं रोज छापून येतं, त्याचा अर्थ मला त्या रात्री समजला. नाव आपण घ्यायचंच नसतं. ज्याला राग येतो तो ते स्वतःच्या घरून आणतो.

बरं, यांना हुकूमशहांचं वावडं आहे म्हणावं तर तसंही नाही. आप्पांनी पन्नास वेळा कौतुकानं सांगितलंय, "आमचे हेडमास्तर म्हणजे हिटलर होते हो, हिटलर!" आपल्याकडे ही शिव्यांतली नव्हे, शाबासकीतली पदवी आहे. आणीबाणीचा विषय निघाला की काका हमखास म्हणणार, "बाकी काही म्हणा, गाड्या वेळेवर होत्या." गेल्याच आठवड्यात सिग्नलला पाऊण तास अडकल्यावर खुद्द अण्णा म्हणाले होते, "या देशाला एकदा हुकूमशहाच पाहिजे." तो पाहिजेच. फक्त तुमचा नेता तसा आहे, असं कुणी म्हणायचं नाही. मी तर तेही म्हटलं नव्हतं.

बचाव म्हणून मी म्हणालो, "अहो, मी माणसांची तुलना करत नाही, फार तर पद्धतींची." बोलता बोलताच आठवलं, याच २००२ मध्ये जर्मनीच्या कायदामंत्री हेर्टा डॉयब्लर-ग्मेलिन यांनीही हाच बचाव केला होता. बुश आणि हिटलर यांची नावं एका दमात घेतल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्यांची आघाडी निवडणूक जिंकली, नव्या मंत्रिमंडळात बाई नव्हत्या. मला गमावण्यासारखं मंत्रिपद नव्हतं. दूध मात्र होतं.

आता चेअरमन मध्ये पडतील आणि मिटवतील, अशी माझी आशा. त्यांना खूश करायला मी राजकारणापासून लांबचा किस्सा काढला. नियाझोवनी 'रुहनामा' नावाचं पुस्तक लिहिलं, आणि गाडीचं लायसन्स काढायचं तर त्या पुस्तकाची परीक्षा द्यावी लागे. चेअरमन गंभीर झाले. लिफ्टमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेली बावीस कलमांची नियमावली लॅमिनेट करून लावलीय, आणि ती वाचल्याची सही दिल्याशिवाय पार्किंगचं स्टिकर मिळत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, शपथेवर सांगतो. नंतर खाली बघितलं तर बागेतल्या बाकावर, घसरगुंडीवर आणि कचऱ्याच्या ड्रमवरही 'सौजन्य' लिहून त्यांचंच नाव.

चौघं एकदम बोलू लागले. मी शेवटचा प्रयत्न केला. या माणसानं खरबुजांसाठी राष्ट्रीय सणसुद्धा सुरू केला होता, ऑगस्टमधला दुसरा रविवार. आता खरबुजात काय आहे? पण टरबूज नाही, खरबूज म्हणालो, हे मला तीनदा सांगावं लागलं.

"काका, वास येतोय," कुणाचं तरी पोरगं म्हणालं.

दूध तळाला लागलं होतं. केशर, वेलची, चारोळी घालूनही करपट वास जाईना. अण्णांनी घोट घेतला आणि आप्पांकडे बघितलं. आप्पांनी काकांकडे. मग अण्णा म्हणाले, पुढच्या वर्षी यांच्या हातात डाव द्यायचा नाही. आप्पांनी अनुमोदन दिलं. चेअरमननी तिथल्या तिथे ठराव मांडला, विरोधात एकही हात वर झाला नाही. इतिवृत्तात माझं नाव घेतलंय, फ्लॅट नंबरसकट.